टिकटिक कुटून येऊन राहिली

चाकूर टेलिफोन हाफिसच्या हद्दीत तांब्याच्या तारेवर चालनारे फोन आता त्रेचाळीस उरलेत, आन् त्या त्रेचाळीस घरांत कुटल्या खिडकीतून वायर आत जाती ते नरसिंगला झोपेतबी सांगता येतं. गडी ठेक्यावर लाईनमन हाय. दहावीला गनितात आपटला, परत बसला, परत आपटला. तिसऱ्यांदा बसायच्या ऐवजी खांबावर चढला, ते अजून उतरला न्हाई. नांदेडला विष्णुपुरीकडं चन्नबसप्पा म्हनून एक जुना जॉइंटर, म्हंजी केबलचे जोड मारनारा, व्हता, त्याच्या हाताखाली दोन वर्षं खड्डे खांदले. जे काही येतं ते तिथलंच. फायबरच्या ठेकेदारानं त्याला दोन डाव बोलावलं. ह्यानं सांगितलं, "माझी त्रेचाळीस लेकरं हायेत. ती मेल्यावर येतो."

तोंड मात्र फाटकं. एका मास्तरानं तक्रार केली नेट हळू चालतं म्हनून. नरसिंगनं बघितलं तर मोडेमवर लोनच्याची बरनी. "मास्तर, आता नेट मुरायलंय. आठ दिवसानं खायला काढा." मास्तरानं हाफिसात तक्रार केली. दुसऱ्या दिवशी नरसिंगच परत आला, बरनी खाली ठेवली, वायर बदलून दिली आन् लोनचंबी खाऊन गेला.

दुसरी एक खोड म्हंजी हाफिसनं भंगारात काढलेली तार त्याला फेकवत न्हाई. जुन्या खांबावरची उघडी तार गुंडाळून ठेवायचा आन् कुनाला कपडे वाळवायला, कुनाला मांडवाला देत सुटायचा. हे ध्यानात ठेवा.

तर गेल्या हिवाळ्यात ह्या त्रेचाळिसातलं एक लेकरू आजारी पडलं. चाकूरपासून सात किलोमीटरवर शेषेरावचं घर. बायको वारलेली, घरात शेषेराव आन् त्याची पोरगी आरती. आरतीला पुन्यातल्या एका रक्त तपासायच्या लॅबची नौकरी लागलेली, घरी बसून. कानाला हेडफोन लावायचा, कॉम्प्युटरवर लोकाचे फोन घ्यायचे, कुनाचा रिपोर्ट आला, कुनाचा न्हाई, ते सांगायचं. मोबाईलवर फोन लागतो, पन नेट चालवायचं तर मारुतीच्या पारावर जाऊन बसावं लागतं. फायबर चाकूरहून निघालं ते पुलापाशी येऊन झोपलं. म्हनून सगळा भार नरसिंगच्या तारेवर.

आन् ती तार मधीच जायची. एका म्हाताऱ्याला आरती सांगत व्हती, "बाबा, तुमच्या रिपोर्टमधी काही..." आन् लाईन गेली. "काळजी करन्यासारखं न्हाई" हे पुढचं तारेतच राहिलं. लाईन परत येईस्तोवर म्हाताऱ्यानं चारी पोरं बोलावून घेतली व्हती.

कंपनीचा कायदा असा, की लाईन सलग पाच मिनिटं गेली की नावापुढं एक लाल खूण. पहिल्या तीन महिन्यांत तीन खुना झाल्या की घरी बसा. आरतीच्या दोन झाल्या व्हत्या, आन् तीन महिने भरायला बारा दिवस उरले व्हते.

"नरसिंगदादा, ही नौकरी गेली तर दुसरी मिळंल मला," आरती म्हनाली, "पन ती पुन्यात मिळंल. आन् बापूला चहासुदिक करता येत न्हाई."

"येतो की," शेषेराव वट्ट्यावरून वरडला.

"बापू, परवा तुमी चहात मीठ टाकलं."

"चव बघायलो व्हतो."

नरसिंगनं मोडेम बदललं. वायर बदलली. खांबावरचा गंजका जोड तोडून नवा मारला. तरी तेच. आरतीनं वहीत तारखा लिहून ठेवल्या व्हत्या. एक हप्ता दिवसातून धा येळा लाईन पडायची, दुसऱ्या हप्त्यात एकदाबी न्हाई. परत पडायची, परत निवांत. नरसिंगनं ती वही उलटी धरली, सुलटी धरली. गनितच ते, त्याला काय दिसनार!

मंग त्यानं फोन जोडला चन्नबसप्पाला. चन्नबसप्पा रिटायर होऊन नांदेडात नातवाला शाळेत पोचवायचं काम करतो.

"लाईनीत खोट न्हाई लेका," चन्नबसप्पा म्हनाला. "बाहेरून कुनीतरी घुसायलंय. कुटंतरी ठिनगी उडायली असंल, मोटारीत म्हन, वेल्डिंगमधी म्हन. तिचा आवाज तारेत शिरतो. डोळ्याला दिसनार न्हाई."

"मंग कसं धुंडू?"

"रेडिओ घे. जुना, सुई सरकवायचा. मिडियम वेववर जिथं कुटलंच स्टेशन न्हाई तिथं काटा ठेव आन् फिर. जिथं आवाज वाढंल तिथं चोर."

नरसिंगकडं बापाचा रेडिओ व्हता, कातडी पिशवीतला. त्यो गळ्यात अडकवून गावात शिरला तर रेडिओ दर घरापुढं भुकायला लागला. कुनाचा चार्जर, कुनाचा बल्ब, कुनाचं मिक्सर. सगळ्यात मोठ्यानं भुकला मडिवाळप्पाच्या गिरनीपुढं.

नरसिंगला धीर कुटला! रांगेत डबे धरून उभ्या बायांसमोर त्यानं सुनावलं, "अप्पा, तुमच्या ह्या खटाऱ्यानं पोरीची नौकरी खाल्ली."

मडिवाळप्पा पिठानं पांढरा झाल्याला, त्यो रागानं लाल झाला. म्हंजी गुलाबी दिसला. पन शेषेरावच्या पोरीसाठी म्हनून त्यानं चार दिवस गिरनी बंद ठेवली. चार दिवस लाईन टनटनीत! नरसिंग छाती काढून फिरला. पाचव्या दिवशी गिरनी चालू झाली, तरी लाईन टनटनीतच. सहाव्या दिवशीबी. आन् सातव्या दिवशी गिरनीचा पट्टा तुटून गिरनी बंद, मडिवाळप्पा उदगीरला पट्टा आनायला गेल्याला, आन् लाईन धा येळा पडली.

मडिवाळप्पानं नरसिंगशी बोलनं सोडलं. बोलला ते शेषेरावशी. "चार दिवस गावानं चाकूरचं पीठ खाल्लं. माझी इज्जत गेली."

शेषेरावला लागलं ते. त्यानं गिरनीच्या दारातच सांगून टाकलं, "अप्पा, ज्याचं मशीन निघंल, त्याला हितं उभा करून तुमचे पाय धरायला लावतो. मंग त्यो कुनीबी असो."

"मी सोता मान धरून आनतो त्याला," नरसिंग म्हनाला.

आता तीन महिन्यांचा शेवटचा दिवस आला तो नेमका येळवशीला. दर्श येळामावश्या म्हंजी लातूर जिल्ह्यात गाव रिकामं. कडब्याची कोप, म्हंजी झोपडी, करायची, तिच्यात लक्ष्मी मांडायची, शिवारभर आंबील शिंपडायची आन् दिवसभर रानातच शेंगा-पालेभाज्यांची भज्जी आन् भाकर खायची. कुलपाला राखन म्हनून कुत्रंबी गावात थांबत न्हाई. आरतीनं सुट्टी मागितली. पुन्याची मॅडम म्हनाली, "वेळ अमावस्या? आमच्या यादीत असा कुठला सण नाहीये. दहा ते तीन बसावं लागेल."

आरती रुसली, पन नरसिंगच्या डोक्यात बल्ब लागला. "अगं, बेस झालं! उद्या गावात एक मिक्सर चालनार न्हाई, एक चार्जर न्हाई. कुत्री गप झाल्यावर चोराचं पाऊल ऐकू येतं. तू बस. मी चोर धरतो."

शेषेराव दर साली येळवशीला शेजारच्या रेवणप्पाच्या रानात जायचा. त्याला घरी कोन भज्जी करून घालनार? आन् रेवणप्पा म्हंजी नरसिंगचा जानी दोस्त. दोघं एकाच बाकावर बसून एकाच गनितात आपटल्याले. रेवणप्पाला कुनी वाकडं बोललं तर नरसिंग आधी भांडून घेतो, मंग इचारतो काय झालं म्हनून.

येळवशीला सकाळी धाला आरती हेडफोन लावून बसली, आन् नरसिंग गळ्यात रेडिओ घालून वट्ट्यावर. गाव कसं? सामसूम. रेडिओत नुसती बारीक खरखर. साडेअकरा वाजले, आन् रेडिओत आलं, टिक. मंग टिक, टिक, टिक. घड्याळ लावल्यागत, सेकंदाला एक.

आतून आरती वरडली, "दादा, गेली!" मिनिटभरानं, "आली!" मंग परत, "गेली!"

"घड्याळ बघत रहा. चार मिनिटं झाली की मला मोबाईलवर फोन कर," म्हनत नरसिंग पळाला.

गावात टिकटिक जागची हालंना. मारुतीपुढं तेवढीच, गिरनीपुढं तेवढीच. पन टेलिफोनच्या खांबाखांबानं रानाकडं सरकला तर आवाज वाढायला लागला. म्हंजी चोर शिवारात. आन् येळवशीच्या दिवशी शिवारातून कुनाला न गाठता जानं म्हंजी लग्नाच्या वरातीतून लपून जायचं काम.

पहिल्याच बांधावर पुनमकाकूनं हात धरला. "नरसिंग! तसाच कसा जाशील? आंबील घे."

"काकू, पोरीची नौकरी जायलीय."

"आंबील घेऊन जाऊ दे."

येळवशीला न्हाई म्हनायची सोय न्हाई. लोक साल साल ध्यानात ठेवतात. एक तांब्या उभ्या उभ्या रिचवला. दुसऱ्या रानात सत्यम नावाचं पोरगं कोपीतून पळत आलं, "किती झाले? कितीवर गेले?"

"काय कितीवर?"

"मॅच ऐकायलास नव्हं?"

"टिकटिक ऐकायलोय."

पोरानं आत जाऊन सांगितलं, "नरसिंगकाकाला लागलंय बगा काहीतरी." मंग तर त्याच्या आज्यानं जबरदस्तीनं बसवलं, डोक्यावर लिंबू चोळलं आन् बाजरीचा उंडा खाऊ घातला. तिसऱ्या रानात तिळाची पोळी. चौथ्या रानात परत आंबील. आंबील कशी, वरून गार अन् आत गेल्यावर झोप. नरसिंगचे डोळे मिटायले, पोट रेडिओसारखं खरखरायलं, आन् मोबाईल वाजला.

"दादा, चार मिनिटं झाली!"

"आता काय करू, आं, आता..."

"आली! आली बगा. आता बारा वाजून धा."

बचावली. नरसिंगनं बांधावर दोन उड्या मारल्या, झोप झाडली, आन् पळाला. टिकटिक आता सुताराच्या वाकसासारखी ठक ठक वाजायली व्हती. समोर बघितलं तर रेवणप्पाचं रान.

गड्याचे पाय जड झाले. आंबिलीनं न्हाई.

रेवणप्पाची येळवस म्हंजी जत्रा. पन्नासभर सोयरेधायरे, मधी कोप, कोपीपुढं साखराबाई, म्हंजी रेवणप्पाची माय, हंडाभर भज्जी घेऊन बसलेली. आन् बाजूला हरभऱ्यात तुषारचे फवारे गरगर फिरायलेले. फवारा एक चक्कर मारून आला की कडेच्या पंगतीतले दहा जन पत्रावळी डोक्यावर घ्यायचे.

"रेवन्या, सनाच्या दिशी पानी कामून चालू हाय?" नरसिंगनं इचारलं.

"लाईट दिसाची हाय की ह्या हप्त्याला! फुडल्या हप्त्यात रातची. दिसाची लाईट सोडतो व्हय कुनी? बस, जेव."

नरसिंग बसता बसता थांबला. शेतीची लाईट, एक हप्ता दिसा, एक हप्ता रातची. आरतीच्या वहीतबी एक हप्ता भरल्याला, एक हप्ता कोरा. दहावीतलं अख्खं गनित त्या एका वाक्यात सुटलं.

त्यो फवाऱ्याच्या मागं गेला. रानाच्या नाल्याकडच्या बाजूनं झटका मशीनचं कुंपन. सेकंदाला एक झटका. मानसाला नुसता हिसका बसतो, पन डुक्कर आन् वानर दुसऱ्यांदा इचार करतं. कुंपनाचा कोपरा बांधला व्हता टेलिफोनच्या खांबाला. त्याच खांबावरून आरतीची तार गावात जायची. कुंपनाच्या खालच्या तारेवर वालाचा वेल चढलेला. फवारा आला, वेल भिजला, आन् ओल्या वेलातून खांबाला निळी ठिनगी, टिक. परत, टिक. जवा पानी न्हाई, तवा वेल कोरडा, ठिनगी न्हाई.

आन् कुंपनाची तार? जुनी, उघडी, तांबूस. ती तार नरसिंगला लगेच वळखू आली. दिवाळीच्या आधी त्यानंच दिलेली. "घे रेवन्या, कुटं तरी कामी येईल."

मागं शेषेराव उभा. हातात भाकर, मिशीला आंबील. "सापडलं? कुनाचं हाय?"

नरसिंग म्हनाला, "माझं."

"तुझं? तुझं रान कुटं हाय हितं?"

"तार माझी. मी दिली. खोट माझी."

रेवणप्पा मधी घुसला. "गप रे! मशीन माझं, वेल माझा, पानी माझं. काका, मी हाय चोर."

"तुला काय कळतंय लाईनीतलं? लाईनमन मी हाय का तू?"

"रान माझं हाय का तुझं?"

"दोस्ताला वाचवायलास व्हय रे भाडखाऊ?"

"तूच वाचवायलास की!"

मोबाईल वाजला. आरती. "दादा, तीन मिनिटं झाली. आता येईना."

शेषेरावनं भाकर फेकली. "आधी बटन दाबा, लेकाहो! गुन्हेगार कोन ते मागून ठरवा!"

रेवणप्पा पळाला आन् मशीनचं बटन बंद केलं. टिकटिक थांबली. नरसिंग रेडिओ कानाला लावून उभा. नुसती खरखर. मोबाईल तसाच चालू. "आली, दादा! चार मिनिटं पन्नास सेकंद."

सगळे हासले. फक्त साखराबाई हासली न्हाई. ती नाल्याकडच्या चिंचेकडं बघत व्हती. "रेवन्या, मशीन बंद केलंस व्हय रं?"

चिंचेवर वीस-पंचवीस वानरं सकाळपासून भज्जीचा वास घेत बसल्याली. एकजन उतरला. कुंपनाजवळ आला. तारेला एक बोट लावलं, अलगद, आजीनं तवा बघावा तसं. काही झालं न्हाई. त्यानं मागं वळून बाकीच्यांकडं बघितलं.

"लावा परत मशीन!" कुनीतरी वरडलं.

"लावायचं न्हाई!" नरसिंग दोन्ही हात पसरून बटनापुढं उभा राहिला. "तीन वाजेस्तोवर कुनी हात लावला तर बघा. वेल उपटला तरी कुंपन ओल्या खांबालाच बांधल्यालं, परत ठिनगी उडाली तर पोरीची नौकरी गेली."

"मंग काय वानराला भज्जी वाढू?" साखराबाई म्हनाली.

"मावशी, आपन पन्नास जन हाव. मशीन एकच व्हतं."

त्या दिवशी दुपारी एक ते तीन रेवणप्पाच्या रानात जे झालं ते अजून कुटल्या येळवशीला झालं न्हाई. सोयरे कुंपनाला हारीनं उभे केले, दोन हातावर एकजन. कुनाकडं ताट, कुनाकडं पळी, कुनाकडं चप्पल. उमरग्याहून आलेला एक नवा जावई, कडक इस्त्रीचा सदरा घातलेला. त्याला बरोबर फवाऱ्याखाली जागा मिळाली. दर चकरेला त्यो भिजायचा आन् ताट वाजवायचा. वानर डावीकडून आलं की डावीकडचे वरडायचे, त्यांचा आवाज ऐकून उजवीकडचे तिकडं पळायचे, आन् उजवीकडून दोन वानरं सरळ आत. साखराबाईनं हंड्यावर बैठक मारली. खरोखरचीच, झाकनावर. एका वानरानं धपाट्याची आख्खी चळत उचलली. रेवणप्पा मागं पळाला, तर दुसऱ्यानं त्याची आंबील सांडली.

"पानी तरी बंद करा," जावई म्हनाला.

"दिसाची लाईट हाय," पाच जन एका तोंडानं म्हनाले.

नरसिंग मातर बटनापुढून हालला न्हाई. एका हातात रेडिओ, दुसऱ्यात मोबाईल. पावनेतीनला एक वानर येऊन त्याच्यापुढं बसलं आन् रेडिओकडं बघायला लागलं. दोघांनी पंधरा मिनिटं खरखर ऐकली.

तीनला आरतीचा फोन. ती रडत व्हती का हासत व्हती, वानरांच्या कालव्यात कळंना. "दादा, तिसरी खून न्हाई झाली. मॅडम म्हनाल्या, पक्की झाली नौकरी. आन् इचारत व्हत्या, रिपोर्ट सांगताना मागं कुटं ताटं वाजायली व्हती."

"कुटं? तुमच्या घरी?"

"न्हाई ओ. रानातूनच ऐकू येत व्हतं गावात."

अर्ध्या घंट्यानं आरती रानात आली. साखराबाई हंड्यावरून उठली. भज्जी शाबूत व्हती, गरमबी व्हती, का गरम व्हती ते कुनी इचारलं न्हाई. आरतीनं तीन वाट्या खाल्ल्या. शेषेराव तिला आंबील वाढत व्हता, आन् ह्या येळी मीठ साखराबाईनं सोताच्या हातानं टाकलं.

दुसऱ्या दिवशी रेवणप्पानं वेल उपटला आन् कुंपनाचा कोपरा खांबापासून सोडवून लाकडाच्या मेढीला बांधला. मंग शेषेरावनं दोघांची मान धरली. एका हातात नरसिंग, एका हातात रेवणप्पा. गिरनीपुढं बाया रांगेत. दोघांनी मडिवाळप्पाचे पाय धरले.

मडिवाळप्पानं पिठाचे हात झाडले. "उठा. पन नरसिंग, तुझा त्यो रेडिओ आन. ह्या बायांसमोर लाव. माझी गिरनी बोलती का न्हाई, सगळ्यांना ऐकू दे."

नरसिंगनं रेडिओ लावला. मडिवाळप्पानं गिरनी चालू केली, आन् रेडिओ भुकला, कुत्र्यासारखा, पहिल्यासारखाच. लाईन पाडन्याएवढा न्हाई, पन भुकला.

नरसिंगनं आजवर कुनाला सोडलं न्हाई. मास्तरला न्हाई, हाफिसला न्हाई. त्यानं मडिवाळप्पाच्या तोंडाकडं बघितलं, रांगेतल्या बायांकडं बघितलं, आन् काटा गुपचूप एका चालू स्टेशनवर सरकवला.

"भजन चालू हाय, अप्पा," त्यो म्हनाला.